मूठ टाकली का?

आमच्या साडूंनी आयुष्यात कुणाकडे एक रुपया मागितलेला नाही, आणि तरीही ते लांबून येताना दिसले की पेणमधली निम्मी प्रतिष्ठित मंडळी रस्ता बदलते. वर्गणी मागणाऱ्याला चुकवणं सोपं असतं. पन्नासाची नोट द्यावी आणि दार लावून घ्यावं. साडू वर्गणी मागत नाहीत, ते काम सांगतात. आणि सांगितलेलं काम झालं की नाही हे विचारायला दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत फोन करतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार रोह्याचे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. म्हणजे कंपनीने त्यांना सोडलं. शिफ्टने अजून सोडलेलं नाही. घड्याळ त्यांना कळतं, पण पटत नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की मुहूर्त वाचून म्हणतात, "फर्स्ट शिफ्ट सुटायच्या आत आटपतंय, बरं हाय." माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनीच फोन केला होता. "आई गेल्या," म्हणाले, "सेकंड शिफ्टचा चहा यायच्या सुमारास." माझी बायको रडत होती, आणि मी बाजूला उभा राहून बोटांवर तास मोजत होतो.

या कंपनीने त्यांना आणखी एक सवय लावली, ती म्हणजे डबा. साडू कुठेही निघाले की तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा बरोबर असतो. त्यात तांदळाच्या तीन भाकऱ्या. ते दोनच खातात. तिसरी कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "रिलीव्हर आला नाय तर?" कंपनीत पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन समोर उभा राहिल्याशिवाय आधीच्या माणसाला जागा सोडता येत नाही. तो आला नाही तर आणखी आठ तास. ती तिसरी भाकरी त्या आठ तासांची. निवृत्तीनंतर त्यांना कुणी रिलीव्ह करण्याचा प्रश्नच उरला नव्हता, पण भाकरी तीनच राहिल्या. माझ्या मुलीच्या लग्नात, पेणच्या हॉलमध्ये, पंगतीत जिलबी वाढत असताना साडूंनी डबा उघडला. विहीणबाई पाहतच राहिल्या. दोन भाकऱ्या त्यांनी आमच्या मठ्ठ्याबरोबर खाल्ल्या आणि तिसरी उठून बँडवाल्यांतल्या क्लॅरिनेटवाल्याला नेऊन दिली. तो बिचारा सकाळपासून फुंकत होता आणि त्याला जेवायला सांगायचं सगळेच विसरले होते. यजमान म्हणून ते माझं काम होतं. साडूंनी मला तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांची तिसरी खोड तांदळाची. कुणाच्याही घरी गेले की दिवाणखान्यात फार वेळ टेकत नाहीत. "वहिनी, येऊ का आत?" असं विचारतात खरं, पण ते विचारणं स्वयंपाकघरातून ऐकू येतं. तिथे तांदळाचा डबा उघडून चार कच्चे दाणे पुढच्या दातांखाली धरतात आणि डोळे मिटतात. मग निकाल येतो. "दुकानदाराने कोलम म्हणून दिलाय ना? नाय. निम्मा हाय." किंवा, "हा घरच्या शेतातला. यंदाचा नव्हं, मागचा." माझी भाची दाखवायची होती तेव्हा मुलाचं घर पाहायला मी आणि साडू गेलो होतो. मी मुलाचं शिक्षण, नोकरी, पुस्तकांचं कपाट (रिकामं) वगैरे पाहून आलो. साडू परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "जुना तांदूळ खातात. घाईची माणसं नायत. देऊन टाका." दिली. चांगलं चाललंय. पुस्तकांचं कपाट अजून रिकामंच आहे.

आता क्लबबद्दल. आमच्या पेणला एक सेवाभावी क्लब आहे. नाव सांगत नाही, कारण प्रत्येक गावात तो असतोच. त्यात डॉक्टर असतात, वकील असतात, बिल्डर असतात, आणि अहवाल लिहिण्यासाठी एक जण माझ्यासारखा असतो. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. "तुम्हाला लिहिता येतं" या एका आरोपावरून मला सचिव करण्यात आलं. आमच्या अध्यक्षांच्या टेबलावर एक पितळी घंटा असते आणि गळ्यात एक साखळी. दर जुलैत ही साखळी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. या घटनेला पदग्रहण म्हणतात, आणि तिच्यासाठी रस्त्यावर पंधरा फुटी फ्लेक्स लागतो. वर्षभर आम्ही वह्या, झाडं, चष्मे असं काही ना काही वाटतो. घेणारा मध्ये, देणारे अकरा, असा फोटो निघतो. सगळे अकराजण त्या एका वहीला हात लावून उभे असतात, जणू ती पडेल. या क्लबात साडू कसे आले? रोह्यातही असे क्लब आहेत, पण तिथे त्यांना ओळखतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एका सभेत, साडू उभे राहिले. खांबच्या आत, डोंगराच्या पायथ्याला एक संस्था आहे. संस्था म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, आणि स्वयंपाकाला सुगंधामावशी. आजूबाजूच्या आदिवासी वाड्यांवरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि थेट पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबर गेली तर शाळेचं वर्ष बुडतं, आणि दोनतीन वर्षं बुडाली की शाळाच बुडते. म्हणून बाई त्या सात महिन्यांत पोरांना आपल्याकडे ठेवून घेतात. त्या वर्षी त्यांच्या मोठ्या देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. तेवीस पोरांच्या जेवणाचा प्रश्न होता. साडू आधीच वाडीवर जाऊन सांगून आले होते, "पोरं ठेवा. जेवणाची जबाबदारी माझी." म्हणजे वचन देऊन झालं होतं, आणि सभेत ते फक्त कळवायला उभे होते.

त्या वर्षीचे आमचे अध्यक्ष टाइल्सच्या दुकानाचे मालक. मनाने मोकळा माणूस. त्यांनी लगेच घंटा वाजवली. "चेक देऊन टाकू! मोठा पुठ्ठ्याचा चेक करून घेऊ, फोटोला बरा दिसतो."

साडू म्हणाले, "अध्यक्षसाहेब, चेकवर सही करायला किती वेळ लागतो?"

"किती? हा एवढा!" अध्यक्षांनी हवेत सही केली.

"तेवढाच वेळ तो माणूस त्या संस्थेत असतो."

यावर काय बोलावं हे कुणाला सुचलं नाही, आणि न सुचल्याच्या त्या अर्ध्या मिनिटात साडूंनी सांगितलेला ठराव मंजूर झाला. मी तो लिहिलासुद्धा. प्रत्येक सभासदाने घरी एक डबा ठेवायचा. रोज भाताचे तांदूळ काढताना त्यातली एक मूठ या डब्यात टाकायची. मूठ सभासदाने स्वतः टाकायची. बायकोने, सुनेने किंवा कामवाल्या बाईने टाकलेली चालणार नाही. महिन्यातून एकदा साडू रोह्याहून येऊन डबे गोळा करणार. अध्यक्षांनी एक दुरुस्ती सुचवली: प्रत्येक डब्यावर सभासदाच्या नावाचा स्टिकर असावा, आणि संस्थेतही नावानिशी डबे मांडून ठेवावेत. साडूंनी ती तिथल्या तिथे मोडून काढली. "नाव नाय. सगळ्यांचं एका पिंपात." मला हे फार आवडलं. चाळीस वर्षं मी देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या कपाटांतून पुस्तकं काढून दिली आहेत, आणि काही कपाटांत पाटीच तेवढी वाचनीय होती. नाव नसलेलं पिंप हा आमच्या क्लबच्या इतिहासातला पहिला सभ्य विचार आहे, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "सगळे तांदूळ एकत्र?" मी म्हटलं, हो. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

मग फोन सुरू झाले. सकाळी सातला दहा कमी असताना. "मूठ टाकली का?" रोज सगळ्यांना नाही, कधी कुणाला, हे सांगता यायचं नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बेधडक "टाकली" म्हणून सांगितलं. साडूंनी विचारलं, "डबा कुठल्या फळीवर हाय?" डॉक्टर फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेले. बावीस वर्षांच्या संसारात आपल्या घरात तांदूळ कुठे असतात हे त्यांना त्या सकाळी कळलं. नंतर डॉक्टरांच्या बायकोने मला सांगितलं की ते आता रोज स्वयंपाकघरात येतात, मूठ टाकतात, आणि आलोच आहोत म्हणून चहाचा कपही विसळतात. क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर एरवी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पडत. त्यात साडूंचा एकच शब्द येऊ लागला: "मूठ?" आठपंधरा दिवसांत सुविचार कमी झाले. दोन महिन्यांत चार पिंपं भरली. महिन्याच्या ठरल्या शनिवारी साडू पॅसेंजरने पेणला उतरत आणि अध्यक्षांच्या दुकानाच्या टेंपोत पिंप टाकून घरोघर फिरत. माझ्या रामवाडीच्या घरी आले की डबा ओतताना म्हणत, "साडूभाऊ, तुमची मूठ लहान हाय. पुस्तकं धरून धरून."

दिवाळीनंतरच्या रविवारी बाईंनी वाडीवरच्या आईबापांना जेवायला बोलावलं. बुधवारी सकाळी भट्टीवर न्यायला ट्रक येणार होता. पोरं कुठे राहणार, काय खाणार हे लोकांनी पाहावं आणि मग ठरवावं, असा तो बेत. साडू आणि मी गेलो होतो. सुगंधामावशीने आमच्या क्लबच्या तांदळाचा पहिला भात त्या दिवशी शिजवला. मोठं पातेलं उतरवलं, झाकण काढलं, आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही जवळ गेलो. पातेल्यात निम्मा भात गाळ झाला होता आणि निम्मा कच्चा राहिला होता. पेणच्या चाळीसबेचाळीस घरांतला कोलम, जया, सुवर्णा, इंद्रायणी, नवा, जुना, डॉक्टरांच्या घरचा बासमती आणि कुणाकडचा तरी उकडा, असे सगळे एका आधणात पडले होते. बासमती विरघळला तरी उकडा अजून अंग चोरून बसला होता.

"भाऊ," सुगंधामावशी साडूंना म्हणाली, "हा भात नाय, ही मीटिंग हाय. एक तयार तर दुसरा आडून बसलाय."

दुसरं काही करायला वेळ नव्हता. पंगत बसली होती. तोच वाढला. माणसं मुकाट्याने खाऊ लागली. डाळीखाली दाणे करकरत होते, आणि तो आवाज तीस माणसांच्या पंगतीत चांगलाच ऐकू येतो. शेवटी ताराबाई बोलली. तिच्या दोन मुली बाईंकडे राहायच्या होत्या आणि वाडीवर तिचा शब्द चालायचा.

"दादा, आमच्याकडं पोटभर नसतो," ती साडूंना म्हणाली, "पन जो असतो तो शिजलेला असतो. तुमच्या क्लबातले सायब खातील का हा?"

"मी खाल्ला," साडू म्हणाले.

"मग?"

"दात दुखला."

लोक हसले, पण ताराबाई हसली नाही. "पोरी संगती नेते मी," ती म्हणाली. "डोळ्यासमोर तरी राहतील." एकीने म्हटल्यावर दुसऱ्यांनीही म्हटलं. जाताना कुणी रागावलं नव्हतं. त्यांनी पानं उचलली, जागा झाडली आणि ती गेली. रागावली असती तर समजूत तरी घालता आली असती.

परतताना कोलाडच्या एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवलं नाही. ज्या माणसाला चार दाण्यांवरून तांदळाची जात आणि वय सांगता येतं, त्याला हे ओतताना कळलं नाही? साडू चहाकडे बघत होते. "कळलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच घरी कळलं. पण वेगवेगळे ठेवायचे तर डब्यांवर नावं घालायला लागली असती." मग चहा संपवून, "मला वाटलं, निभावंल." साडूंना मी 'वाटलं' हा शब्द वापरताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला माझी बायको आठवली, सभेच्या दिवशी न बोललेली. घरी येऊन मी तिला झालेला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "मग दळा की. भाकरीला कुठे जात लागते?" असं बोलताना ती दुसरंच काहीतरी निवडत होती. मी लगेच रोह्याला फोन लावला. साडू ऐकून घेऊन म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी का नाय विचारलं तिला?" हा प्रश्न आम्हा दोघांनाही सारखाच लागू होता.

सोमवारी सकाळी साडूंनी क्लबच्या गोदामातून एकच गोष्ट मागवली: जुने फ्लेक्स. पिंपातले तांदूळ धुऊन संस्थेच्या अंगणात वाळत घालायचे होते आणि एवढ्या चादरी बाईंकडे नव्हत्या. फ्लेक्स मागच्या बाजूने पांढरे असतात, पण ती बाजू खरबरीत, दाणे चिकटतात; सुगंधामावशीने ते चित्राची बाजू वर करून अंथरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला दगड ठेवले. दुपारपर्यंत चार माजी अध्यक्षांच्या हसऱ्या चेहऱ्यांवर तांदूळ वाळत होता. क्लबच्या इतिहासात त्यांच्या डोक्यावर पडलेल्या या पहिल्या अक्षता असाव्यात. संध्याकाळच्या आत दळण कोलाडच्या गिरणीतून आलं. पीठ हाताला छान लागत होतं. पण तेवीस पोरं, त्यांचे आईबाप, आणि एकटी सुगंधामावशी. तिने साडूंना सरळ विचारलं, "एवढ्या भाकऱ्या थापणार कोण? तुमचं पिंप?"

साडूंनी गटावर संदेश टाकला: "उद्या फर्स्ट शिफ्ट. खांब. परात घेऊन या."

मी पैजेवर सांगितलं असतं की कुणी येणार नाही. कार्यदिवस, हायवेचं काम चालू (ते चालूच असतं), आणि काम भाकरी थापण्याचं. मंगळवारी साडेनऊपर्यंत सतराजण आले. का आले, याचा मी नंतर बराच विचार केला. दानशूरपणा म्हणावा तर चेक देऊन घरी बसता आलं असतं. मला वाटतं, दोन महिने रोज सकाळी मूठ टाकल्यावर ती मूठ कुठे जाते हे माणसाला पाहावंसं वाटतं. डॉक्टर तर दवाखाना बंद ठेवून आले. "माझा बासमती घोटाळ्यात होता म्हणे," ते म्हणाले. अध्यक्ष आले ते काखेत पुठ्ठ्याचा मोठा चेक घेऊन. त्यांनी तो करून घेतलाच होता.

भाकरी थापणं ही पाहायला सोपी गोष्ट आहे. गरम पाण्यात पीठ मळायचं, गोळा परातीत ठेवायचा, तळहाताने फिरवत फिरवत थापायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा. आमच्या सतरा प्रतिष्ठितांनी यातल्या प्रत्येक पायरीवर नवीन चूक शोधून काढली. अध्यक्षांची भाकरी त्यांच्या धंद्याला शोभेल अशी, चौकोनी आणि अर्धा इंच जाड झाली. डॉक्टरांच्या भाकरीच्या कडा फाटल्या. सुगंधामावशी म्हणाली, "डॉक्टर, हिला कवळी बसवा." चूल नीट पेटेना, धूर झाला, फुंकणी सापडेना. तेव्हा बाईंनी शांतपणे अध्यक्षांच्या काखेतला चेक काढून घेतला आणि त्याने वारा घालायला सुरुवात केली. चार फुटी पुठ्ठ्याने चूल अशी फुलली की बस. मी खूप चेकप्रदान समारंभांचे अहवाल लिहिले आहेत. चेकचा इतका तातडीचा उपयोग एकदाही नोंदवलेला नाही.

साडू कुठे होते? ते वाडीवर गेले होते. ताराबाईच्या दारात उभे राहून त्यांनी, असं नंतर कळलं, एवढंच सांगितलं, "सायब काय खातात ते बघायला चला. शिव्या द्यायच्या असतील तर तिथंच द्या." दहाबारा बाया आणि काही बाप्ये त्यांच्या मागून आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहून आमचा उद्योग बघू लागले. मग अध्यक्षांनी तव्यावरची भाकरी उलटायला नुसती बोटं पुढे केली, आणि ताराबाईला ते बघवलं नाही.

"ओ दादा, सरा! हात भाजून घ्याल."

"नाही, जमतंय मला," अध्यक्ष म्हणाले.

"काय जमतंय? ही भाकर हाय का पाट हाय? सरा म्हन्ते ना!" तिने त्यांना खांद्याने बाजूला केलं, पदर खोचला आणि परातीपुढे बसली. दोन गोळे मळून पाहिले. तिसरा थापला. तो तव्यावर टम्म फुगला. ती मागे वळून म्हणाली, "गो सुंदरे, पीठ बरं हाय गो. ये, बस." सुंदरा बसली. मग आणखी तिघीचौघी बसल्या. आम्हाला परातींवरून उठवून पाणी आणायला, लाकडं द्यायला आणि गप्प बसायला लावण्यात आलं. ही तिन्ही कामं आम्हाला बऱ्यापैकी जमली.

पंगत एकच बसली. पोरं, आईबाप, क्लब, सगळे. वालाचं बिरडं आणि भाकरी. आम्ही थापलेल्या भाकऱ्या आम्हालाच वाढण्यात आल्या, असा ताराबाईचा हुकूम होता. ती स्वतः उभी राहून आमच्याकडे बघत होती. अध्यक्षांनी आपली टाइल पूर्ण खाल्ली. माणूस मनाने मोकळा, हे मी आधी म्हटलंच आहे. चेकचा फोटो निघाला नाही. पुठ्ठ्याची एक कड जळली होती. साडू सगळ्यांत शेवटी बसले. ताराबाईने त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि विचारलं, "रोज असंच का एक दिसाचं?"

"मूठ रोज येतेय," साडू म्हणाले. "आता दळूनच येईल."

"आन् तुम्ही?"

"मी पन येईन."

ती पुढे गेली. बुधवारी ट्रक आला. तेवीसपैकी एकोणीस पोरं बाईंकडे राहिली. ताराबाईच्या दोन्ही मुली त्यांत होत्या. चौघं आईबापांबरोबर गेली. पावसाच्या तोंडावर त्यातली तिघं परत आली. चौथीचं कुटुंब दुसरीकडेच गेलं म्हणे. साडू त्यानंतर दर महिन्याला पीठ घेऊन खांबला जात, आणि दर वेळी बाईंना विचारत, "ती आली का?" बाई मान हलवत. मग ते पिंप उतरवायला लागत.

साडूंनी दिलेला शब्द त्यांच्या गुडघ्यांनी मोडला. दुसऱ्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी जिना, टेंपो आणि पिंपं बंद करायला सांगितली, आणि मुलाने त्यांना पनवेलला, आपल्या बाराव्या मजल्यावर नेलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ते पॅसेंजरने पेणला आले. रिक्षावाल्याने चार पिंपं माझ्या ओट्यावर उतरवली. "दोन दिवस ठेवा," साडू म्हणाले. मी ठेवली. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही कबूल केलं नाही. जेवायला बसलो. त्यांनी आपला डबा उघडला, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि तिसरी काढून माझ्या ताटात ठेवली. "ही आता लागणार नाय," म्हणाले. मला ते नीट कळायला पुढचा शनिवार उजाडावा लागला. तेव्हा मी टेंपोतून उतरून डॉक्टरांच्या दारात उभा होतो आणि आतून त्यांची बायको ओरडत होती, "अहो, आले बरं का!"

पिंपं माझ्याच ओट्यावर आहेत. फोन अजून येतो, सातला दहा कमी असताना, पनवेलहून. हल्ली एखाद्या दिवशी येत नाही. औषधाने झोप लागते, असं मेव्हणी सांगते. अशा दिवशी मी तांदळाची मूठ भरून डब्यापाशी थोडा वेळ उभा राहतो, आणि मग टाकतो. माझं वय आता सत्तरीकडे आलंय, उजवा गुडघा कुरकुरतो. मागच्या शनिवारी खांबला निघताना बायकोने माझ्या पिशवीतला डबा उघडून पाहिला.

"दोन खाता तुम्ही," ती म्हणाली. "तिसरी कशाला घेतलीत?"